खरेदीखतात नसलेलं आकाश

मुकुंदा,

रविवारी तुझी शोकसभा झाली, वाचनालयाच्या वरच्या दालनात. तू असतास तर दुसऱ्या भाषणालाच उठून खाली चहाला गेला असतास आणि जाताना मलाही दंडाला धरून ओढलं असतंस. मी शेवटपर्यंत बसलो. टेबलावर तुझा तो फोटो होता, वकिलीच्या परीक्षेच्या वेळचा, ज्यात तू माझ्या मावसभावाचा कोट घातला आहेस आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या आहेत. सात जण बोलले. सातही जणांनी तुला शास्त्रज्ञ करून टाकलं. एकानं तर सांगितलं की तू जगला असतास तर चंद्रावर बऱ्हाणपूरचं नाव लिहून आला असतास. तू आयुष्यात दुर्बिणीला हात लावला नव्हतास. तू कायदा शिकलास आणि आकाश कुणाचं, एवढा एकच प्रश्न विचारलास. पण तो प्रश्न त्या सातांपैकी कुणालाच माहीत नव्हता.

आठवे बोलले ते तुझे प्रबंधाचे सर. खास रेल्वेनं आले होते. ‘मुकुंद मला मुलासारखा होता,’ असं म्हणाले आणि रुमाल काढला. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसलो, कारण समोर तुझे आबा होते.

सभा संपल्यावर स्मरणिकेवाल्यांनी मला गाठलं. तू त्याचा जवळचा, चार चांगले शब्द लिहून दे म्हणाले. मी लिहायला बसलो आहे, पण शब्द चांगले निघतील असं वाटत नाही. छापले नाहीत तर नाही छापले. मला ते तुला सांगायचे आहेत, त्यांना नाही.

तुला आठवतं, मी फोपनारहून पहिल्यांदा कचेरीसमोरच्या त्या पत्र्याच्या खोपटात आलो तेव्हा आबांनी मला काय विचारलं होतं? मी मॅट्रिकला गणितात गचकलो होतो आणि वडिलांनी केळीच्या बागेत जुंपण्याआधी शेवटची संधी म्हणून अक्षर चांगलं आहे या एका गुणावर मला तुझ्या वडिलांकडे सोडलं होतं. आबा अर्जनवीस. गावात कुणी घर घेतलं, शेत विकलं, भावाभावांत वाटणी झाली की कागद आबांच्या हातचा. त्यांनी माझं अक्षर पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, लिहिलेल्याची जबाबदारी घेशील का? मी हो म्हणालो. मग त्यांनी तो नियम सांगितला, जो पुढे तुझ्या मुळावर आला. या खोपटातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाखाली लिहिणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. मूळ कागद असो की नक्कल. ज्या कागदाखाली लिहिणाऱ्याचं नाव नाही तो कागद चोराचा, असं आबा म्हणायचे.

ती सवय माझ्या हातात अशी भिनली की एकदा तुझ्या माईनं दिवाळीच्या किराण्याची यादी सांगितली तर तिच्याखालीही मी ‘लिहिणार भिका सोनू, राहणार फोपनार’ असं घातलं. तू हसून अंगणात लोळला होतास. पुढे कितीतरी दिवस वाण्याच्या दुकानात तू मला ‘साक्षीदार कुठंयत?’ असं विचारून छळलंस.

मग रशियानं पृथ्वीभोवती फिरणारं ते पहिलं यंत्र आकाशात सोडलं आणि तुझं डोकं फिरलं. त्या दिवसांत तू सुट्टीवर घरी होतास. सगळं गाव संध्याकाळी वर बघत चालायचं. आपण दोघं तापीच्या घाटावर जाऊन मान दुखेपर्यंत बसलो. तू एकदम बोट दाखवून म्हणालास, ते बघ. मला काही दिसलं नाही. तुलाही दिसलं नव्हतं, हे मी आजही सांगतो. तू शेवटपर्यंत दिसलं म्हणत राहिलास. त्यावरून आपण किती वर्षं भांडलो! पण घाटावरून परत येताना तू जे विचारलंस ते खरं होतं. हे यंत्र आपल्या गावावरून, आपल्या घरावरून, आपल्या डोक्यावरून गेलं, तर त्यांनी परवानगी कुणाची घेतली? मी म्हणालो, कलेक्टरची घेतली असेल. तू हसलास, पण रस्ताभर वरच बघत चाललास.

सर्वांनीच तुझी टर उडवली. शेजारच्या काकूंनी विचारलं, ते यंत्र पापडावरून गेलं तर पापड बाटतात का. मागाच्या कारखान्यातल्या लोकांनी तुझं नाव ‘आसमानवाले वकील’ ठेवलं. तू सगळ्यांना सारख्याच गंभीरपणे उत्तरं द्यायचास. मला ते बघून राग यायचा आणि गंमतही वाटायची.

ते दिवसच तसे होते. खालच्या सगळ्या रेषा हलत होत्या. संस्थानं गेली होती, नवं राज्य झालं होतं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती आणि कचेरीतल्या कारकुनांना कुठली फाइल कुठे पाठवायची ते कळत नव्हतं. आमच्या खोपटात तर सरळ संक्रांत आली. नवे रजिस्ट्रारसाहेब मराठी कागद हातातसुद्धा धरेनात. हिंदीत लिहून आणा, म्हणायचे. आबांनी साठाव्या वर्षी हिंदीत खरेदीखत लिहायला शिकून घेतलं, पण जुन्या मराठी कागदांच्या मसुद्यांची पेटी त्यांनी घरी नेऊन ठेवली. त्यांच्या वडिलांपासूनचे मसुदे, बरेचसे मोडीतले. माई म्हणाली, आता हे बंबात घालू या.

ते तू घालू दिले नाहीस. नव्या राज्यातल्या ज्या विद्यापीठात तू पुढचं शिकायला गेला होतास, त्याचं नाव मी इथे घेत नाही, त्याची लायकी नाही, तिथे तुला प्रबंधाला विषय हवा होता. तू सरांना जाऊन सांगितलंस, आकाशाच्या मालकीवर लिहितो. ते म्हणाले, यावर भारतात काही सामग्री नाही. तू म्हणालास, आमच्या घरी एक पेटी आहे.

ती उन्हाळ्याची सुट्टी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सुट्टी होती, आणि सुट्टी तर तुझी होती, माझी नव्हतीच. मी दिवसभर खोपटात काम करायचो आणि चारला तुझ्याकडे यायचो. तुला मोडी धड येत नव्हती. शाळेत तू ती टाळलीस आणि मी शिकलो, या एका गोष्टीत मी तुझ्या पुढे होतो. मी वाचायचो आणि तू लिहून घ्यायचास. प्रत्येक खरेदीखतात तेच यायचं. अमुक चतुःसीमेतली जमीन, तिच्यातलं जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप, सगळ्यासकट विकली. पाणी विकलं, झाडं विकली, गवत विकलं, दगड विकले, जमिनीखाली पुरलेलं धन सापडलं तर तेही विकलं. असे पाच, दहा, वीस कागद झाल्यावर तू मला थांबवलंस आणि विचारलंस, आकाश कुठंय?

मी म्हणालो, आकाश कसं असेल?

‘तेच ना भो,’ तू म्हणालास. ‘गवताची काडी सोडली नाही यांनी, पन आकाश कोनीच विकलं नाही. जे विकलंच नाही ते कोनाचं होतं?’

मग तू मला समजावलंस. इंग्रजांच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे की ज्याची जमीन, त्याचंच तिच्यावरचं आकाश, थेट स्वर्गापर्यंत. विमानं आली तेव्हा देशांनी तेच तत्त्व उचललं आणि आपापल्या डोक्यावरचं आकाश आपलं म्हणून सांगितलं. आता विमानाच्याही वर यंत्रं जायला लागली, तर तिथेही देश हक्क सांगतील. तुझं म्हणणं होतं की आमच्या लोकांनी तो हक्क कधी घेतलाच नव्हता, आणि जे माणसाकडे नव्हतं ते देशाकडे कुठून येणार? मी खोपटात बसून लिहिणारा, टाइप करणारा माणूस. पण हे मला लगेच पटलं, कारण ते माझ्या हातातल्या कागदात होतं.

तुळशीचा कागद मला सापडला, हे तू विसरला नाहीस आणि मीही विसरणार नाही. शनवारा भागातल्या कुठल्या तरी घराचा. घेणाऱ्यानं वर मजला चढवायचा असेल तर चढवावा, पण शेजाऱ्याच्या तुळशीवर सकाळी पडणारं ऊन अडवू नये, असं त्यात लिहिलं होतं. मी वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. तू ओरडलास, परत वाच. परत वाचलं. तू उठून स्वयंपाकघरात गेलास आणि माईला वाचून दाखवलंस, मग आबांना, मग परत मला, जणू मला ते माहीतच नव्हतं. वरचं ऊन सगळ्यांचं, कुणी अडवायचं नाही आणि कुणी मालकही नाही, हे आमच्या एका अर्जनवीसानं तुळशीसाठी लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी तुझा चेहरा असा झाला होता की तुझी दृष्ट काढावी.

त्याच वर्षी तू त्यावर छोटा निबंध लिहिलास, विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेसाठी दिल्लीला पाठवलास आणि पहिला आलास. तू बक्षीस घेऊन परतलास तेव्हा स्टेशनावर आम्ही तुला घ्यायला आलो होतो. टांग्यातून आपण गावात आलो. मग चौकात उतरलास आणि मावा जिलबी घेऊन थेट खोपटात आलास. पहिली जिलबी माझ्या हातावर ठेवलीस. ‘हे तुझ्या तुळशीचं,’ म्हणालास. मी ती खाल्ली आणि पुढे बरेच दिवस मला वाटत राहिलं की मीसुद्धा काहीतरी आहे.

आता इथून पुढचं मी किती वेळा मनात लिहिलं आणि खोडलं.

प्रबंध मी टाइप केला. तीन प्रती. इंग्रजी मला अर्धंच कळायचं, पण बोटांना कळायचं. शेवटी परिशिष्ट होतं, सगळ्या खरेदीखतांच्या नकला, मोडीवरून बाळबोधीत उतरवलेल्या. मराठीचं टंकयंत्र आपल्याकडे नव्हतं म्हणून त्या मी हातानं लिहिल्या, तीनदा. शेवटची ओळ संपली आणि माझ्या हातानं जे करायचं तेच केलं. खाली लिहिलं, अस्सलबरहुकूम नक्कल, लिहिणार भिका सोनू, राहणार फोपनार, हल्ली मुक्काम बऱ्हाणपूर. साक्षीला स्टॅम्पवाले तिवारीजी आणि चहावाला सुपडू. दोघांनी सह्या केल्या. सुपडूनं तर कप खाली ठेवून, हात पुसून केली. तिन्ही प्रतींवर. मग त्या बांधायला दिल्या आणि तू दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं नेऊन जमा केल्यास. पान उलटून तू बघितलं नाहीस, आणि बघितलं असतंस तरी तुला त्यात काही वावगं दिसलं नसतं. तूही त्याच घरातला.

त्यांना दिसलं. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर तीन परक्या माणसांच्या सह्या. उमेदवारानं प्रतिज्ञा केलेली की हे काम माझं एकट्याचं आहे, आणि मागे तीन नावं. तुला बोलावणं आलं. हा भिका कोण, त्याचा या संशोधनात काय वाटा, तिवारी आणि सुपडू यांची शैक्षणिक पात्रता काय, असं त्यांनी विचारलं. तू परत येऊन सांगितलंस तेव्हा मी हसलो. सुपडूची पात्रता! मग तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसणं थांबवलं.

तिथल्या एका कारकुनानं तुला मार्ग सांगितला होता. शेवटची पानं काढून टाका, पुन्हा बांधून आणा, कुणी काही म्हणणार नाही. तू नाही म्हणालास. चूक माझी, हात माझा, आणि मोडतोय तुझा प्रबंध! मी तुला म्हणालो, फाडून टाक. मी पाया पडतो, फाडून टाक.

तू शांतपणे म्हणालास, ‘त्या नकला कोनी केल्या?’

मी म्हणालो, मी.

‘मग ते खोटं कुठंय? सगळ्या दुनियेला सांगतो की आकाश कोनाचंच नाही, आनि घरी येऊन म्हनू की भिक्याचं अक्षर माझं आहे?’

मी तुला मूर्ख म्हणालो. त्यानंतर दीड वर्ष आपण हाच वाद घातला. घाटावर, खोपटात, तुझ्या ओसरीवर. मी म्हणायचो, तू चुकतोयस. तू म्हणायचास, टाइप कर. तू त्यांना लांबलचक पत्र लिहिलंस, अर्जनवीसांच्या रिवाजाबद्दल, नक्कल म्हणजे काय, तिला साक्ष का लागते. ते पत्रही मीच टाइप केलं आणि या वेळी खाली काही लिहिलं नाही. त्यांना ते पत्र उद्धट वाटलं. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर आलं. पुढे तेही यायचं थांबलं.

तिथल्या कॉलेजात तुझ्यासाठी म्हणे व्याख्यात्याची जागा होती. पदवी नाही म्हणून ती दुसऱ्याला गेली. तू खकनारला शाळेत लागलास, सहावी-सातवीला भूगोल. आठवड्यातून एकदा बसनं यायचास, धुळीनं माखलेला, पिशवीत वह्यांचा गठ्ठा. आसमानवाले वकील असं तुला आता कुणी म्हणत नव्हतं. मला वाटतं तुला ते नाव आवडायचं. आम्ही वापरायचं थांबवलं तेव्हा तुला कळलं असणार.

आणि मग तो लेख. कायद्याच्या इंग्रजी मासिकातला. आमच्या कचेरीतल्या एका तरुण वकिलानं मला कौतुकानं आणून दाखवला, बघा भिकाभाऊ, तुमच्या मुकुंदाचा विषय. वर तुझ्या सरांचं नाव. मी बोट ठेवून वाचत गेलो. खरेदीखतांतली वस्तूंची यादी. तिच्यात आकाश नाही. शेजाऱ्याच्या तुळशीवरचं ऊन. ‘मध्य भारतातल्या एका जुन्या दस्तऐवजात’ असं लिहिलं होतं. गाव नाही, पेटी नाही, तू नाहीस. माझं नाव असायचं काही कारणच नव्हतं, पण तुझं नव्हतं हे बघून मला त्या मासिकावर थुंकावंसं वाटलं.

तू खकनारहून आलास तेव्हा मी ते तुझ्यासमोर टाकलं. तू वाचलंस. पूर्ण वाचलंस, तळटीपांसकट. मग म्हणालास, चांगलं लिहिलंय, माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी आहे. मी तुझी कॉलर धरली होती, मुकुंदा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, त्या माणसाला सोडू नकोस, पत्र लिही, मी आत्ता टाइप करतो. तू माझा हात काढलास आणि म्हणालास की त्यांच्या हातात माझी चौकशी आहे, आत्ता नको. पहिल्यांदा मला तू भ्यालेला दिसलास. ज्या गोष्टीला भ्यायला हवं होतं तिला भ्याला नाहीस आणि जिथे ओरडायला हवं होतं तिथे गप्प बसलास. त्या दिवशी मी तुला माझ्या खोलीवरून न जेवताच परत पाठवलं. पुढचे दोन आठवडे आपण बोललो नाही.

ते दोन आठवडे मला परत हवे आहेत.

तिसऱ्या आठवड्यात तुला बसमधून उतरवून घेतलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते. माईनं झाडपाला केला, डॉक्टर आले, खंडव्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि राहिलं. मी रोज संध्याकाळी यायचो. तू माझ्याशी भांडला नाहीस, त्यावरूनच मला समजायला हवं होतं. तू फक्त विचारायचास, ‘काही आलं का?’ पहिल्यांदा मला कळलं नाही कशाबद्दल. दुसऱ्या दिवशी परत, काही आलं का. तू पोस्टाबद्दल विचारत होतास. विद्यापीठाच्या पत्राबद्दल. म्हणजे तुला ती पदवी हवी होती. दीड वर्ष माझ्यासमोर छाती काढून बसलास आणि आतून एवढी हवी होती! एकदा तरी मला सांगायचंस. मी त्या पानांवरून माझं नाव स्वतःच्या जिभेनं चाटून काढलं असतं.

गेलास त्या दिवशी मी फोपनारला होतो. केळीचे घड कापणीला आले होते, वडिलांचा निरोप आला म्हणून गेलो. परत आलो तेव्हा अंगणात माणसं होती.

मी तुझी माफी कधी मागितली नाही. माझ्या सहीमुळे हे झालं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं, पण ते शब्द मी एकदाही काढले नाहीत. मी तुला मूर्ख म्हणालो, हट्टी म्हणालो, भेकड म्हणालो. माफ कर म्हणालो नाही. तू ती सही योग्य ठरवून बसला होतास, मग माफी मागायची तरी कशाची? माझ्या चुकीला तू चूक होऊच दिलं नाहीस. असं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. माझ्या बापानंसुद्धा नाही. गणितात गचकलेल्या एका पोराच्या अक्षरासाठी तू तुझा प्रबंध पणाला लावलास. याबद्दल मी तुझा किती ऋणी आहे हे सांगायला बसलो की लगेच तुझा राग येतो. कारण मी ते मागितलं नव्हतं.

रविवारी सभेनंतर सर घरी आले. आबांच्या शेजारी खाटेवर बसले, चहा घेतला आणि बॅगेतून अर्जाच्या नमुन्याचा कागद काढला. त्यांनी म्हणे वर बोलून सगळं मिटवलं आहे. वारसानं अर्ज केला आणि शेवटची वादग्रस्त पानं काढायला संमती दिली तर मुकुंदला मरणोत्तर पदवी देता येईल. माई आतून ऐकत होती. ती दारात आली आणि तिनं दोन्ही हात जोडले. ज्या माणसाच्या तोंडावर मला चहा फेकावासा वाटत होता, त्याला ती हात जोडत होती.

मला त्यातली मेख कळली, मुकुंदा. तूही ती एका क्षणात ओळखली असतीस. ती पानं गेली की तुळशीचा कागद गेला. मग हे सगळं कुठून आलं हे सांगणारं विद्यापीठाच्या दप्तरात काही उरणार नाही, आणि तो लेख कायमचा सरांचा. उरलेल्या प्रबंधात तू म्हणशील, आकाश कुणी विकलंच नव्हतं, आणि वाचणारा विचारेल, पुरावा काय. पण पानं काढली नाहीत तर पदवी नाही. आणि तू शेवटचा आठवडाभर पोस्टाची वाट बघितलीस.

मूळ मसुदे पेटीत आहेत, हे मला माहीत आहे. मोडीतले. ते वाचणारे गावात आता दोघंच उरले आहेत, एक आबा आणि एक मी, आणि आम्हाला कोण विचारतं?

सर गेले. कागद खाटेवर राहिला. आबांनी त्याला तीन दिवस हात लावला नाही. काल दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि अर्ज लिहायला सांगितला. मी हिंदीत लिहिला. सहमति है, आपत्ति नहीं है, सगळं. वाचून दाखवला. त्यांनी लेखणी घेतली आणि तशीच धरून बसले. मग म्हणाले, ‘भिका, चाळीस वर्सांत सही झालेलं पान मी फाडलं नाही. माझ्या पोरानं फाडलं नाही. आता मी संमती देऊ?’

मी अर्जाचा कागद त्यांच्यासमोर सरळ केला.

‘तू त्याच्याशी रोज भांडत होता. मी ऐकायचो आतून. तूच सांग. तो चुकला होता का?’

दारात माई उभी होती. मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी लेखणी खाली ठेवली असती, मला ठाऊक आहे. तुझं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, घाटावर, खोपटात, ओसरीवर, प्रत्येक वेळी. तुझ्यापुढे हे मी मेलो तरी कबूल केलं नसतं.

मी म्हणालो, ‘हो आबा. चुकला होता.’

त्यांनी सही केली.

दीड वर्ष मी हेच तुला सांगत होतो आणि तू ऐकत नव्हतास. काल पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं.